टोपलीतल्या अकरा बोटी

धारबंदरच्या मच्छीमार मंडळीचं, म्हणजे सहकारी संस्थेचं, ऑफिस म्हणजे काय, दोन खोल्या, एक पंखा, एक वायरलेस आणि भिंतीवर एक मोठा पडदा. पडद्यावर निळं पाणी आणि पाण्यात हिरवे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक बोट. प्रत्येक बोटीवर सरकारनं दिलेली एक डबी असते. ती डबी वरच्या उपग्रहाला आपला पत्ता कळवते, आणि तो पत्ता इथं भिंतीवर ठिपका होऊन दिसतो.

दुपारी मासळीबाजार उठला की खारव्यांच्या, म्हणजे मच्छीमारांच्या, बायका हात धुवून चारच्या सुमाराला ऑफिसात यायच्या. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या डोक्यावर रिकामी पाटी. आपला ठिपका शोधायचा, दोन मिनिटं बघायचं, आणि घरी जाऊन रोटले थापायचे. रंभा तर एक दिवस चुकवायची नाही. तिचा नवरा लखमण हा ‘जलज्योत’ बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख. ती पडद्यासमोर उभी राहून ठिपक्याला हात जोडायची, आणि तिला कुणी हसायचं नाही, कारण बाकीच्याही मनातल्या मनात तेच करायच्या. लखमणच्या ठिपक्याला चिकटून दुसरा ठिपका असायचा, तो रंभाच्या थोरल्या भावाचा, वशरामचा. नवरा भावाच्या नजरेखाली आहे म्हटल्यावर बाई बिनघोर झोपायची.

खरं काय होतं ते धारबंदरच्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक होतं, आणि एकाही बाईला नव्हतं.

बंदर सोडून दोन दिवस झाले की अकरा बोटी भर समुद्रात एका ठरलेल्या जागी जमायच्या. दहा तांडेल आपापली डबी सोडवून वशरामच्या ‘दरियालक्ष्मी’वर द्यायचे. वशराम त्या दहा डब्या आणि आपली अकरावी एका बर्फाच्या टोपलीत ठेवायचा, टोपली केबिनच्या छपरावर बांधायचा, आणि हद्दीच्या चांगलं अलीकडं निवांत जाळं ओढत राहायचा. बाकीचे दहा सुटायचे वायव्येला, देशाच्या हद्दीच्या रेषेकडं, जिथं सोन्याच्या भावानं विकला जाणारा घोळ मासा मिळतो. रेषेपलीकडं गेलं की बोट जाते आणि माणसं तिकडच्या तुरुंगात पडतात. म्हणून रेषेजवळ डबी दिसली की इकडच्या ऑफिसात लाल दिवा लागतो, चौकशी होते, बोट सहा महिने धक्क्याला बांधून ठेवतात. पण डबी टोपलीत असली की कसला दिवा आणि कसली चौकशी! परतीच्या दिवशी दुपारी सगळे पुन्हा त्या ठरलेल्या जागी यायचे, आपापली डबी घ्यायचे, आणि शाळेतल्या पोरांसारखे ओळीनं बंदरात शिरायचे.

वशराम चोपन्न वर्षांचा. आवाज असा, की भोंग्याची गरज नाही. माणूस वाईट नव्हता हो. कुणाचं इंजिन बंद पडलं तर स्वतःचं जाळं कापून मदतीला जाणारा. आपण दहा घरांच्या पोटाची सोय करतोय, असंच त्याला वाटायचं. ह्यात खोटेपणा आहे हे त्याच्या मनाला कधी शिवलंच नाही. सरकारशी खोटं बोलणं म्हणजे काय खोटं?

मंडळीच्या ऑफिसात जागृती नावाची पोरगी काम करायची. खारव्याचीच लेक, राजकोटला कॉम्प्युटर शिकून परत आलेली. नारळी पौर्णिमेच्या आधी समाजाची बैठक होती, ती झाली डेल्यात, म्हणजे समाजाच्या मोठ्या अंगणात. जागृतीनं तिथं एक नवी डबी सगळ्यांपुढं ठेवली आणि म्हणाली, ही ब्लॉकचेनवर चालते, जुनी डबी कुणीही फसवू शकतो, हिला फसवणं अवघड आहे.

“जागु, हे तुझं ब्लॉकचेन ओढायला किती खलाशी लागतात?” वशरामनं विचारलं. डेला हसला.

“एकही नाही काका. नुसतं खरं बोलावं लागतं. म्हणून तर ते जड वाटणार.”

पोरगी घाबरणारी नव्हती. कोपऱ्यात एक म्हातारा जाळं सांधत बसला होता, त्याच्या मांडीवरचं जाळं तिनं उचललं. म्हणाली, जुनी डबी एकटीच बोलते, मी इथं आहे म्हणते, आणि आपण मानतो. नवी डबी एकटी बोलत नाही. आसपासच्या बोटींच्या डब्या ती ऐकते, त्या तिला ऐकतात, किनाऱ्यावरचे मनोरे त्यांना ऐकतात. दर दहा मिनिटांनी सगळ्या मिळून टिपतात, कोण कुणाला कुठं ऐकू आलं. ती टिपणं अशी एकीत एक बांधलेली असतात, ह्या गाठींसारखी. मधली एक गाठ सोडवायला जा, आजूबाजूच्या सगळ्या सोडवाव्या लागतील. आणि ही वही एका माणसाच्या कपाटात नाही, तिची नक्कल प्रत्येक बोटीत, मंडळीत, पटेलाकडं, म्हणजे समाजाच्या प्रमुखाकडं. एकाच्या वहीत खाडाखोड झाली की बाकीच्या वह्या ओरडतात.

वशरामनं मग खरी अडचण मांडली, आणि ती अगदीच खोटी नव्हती. घोळीची जागा तांडेल आपल्या सख्ख्या भावाला सांगत नाही. मागं एकदा ऑफिसातल्या कुणीतरी पडदा बघून बाहेरच्या बोटवाल्यांना जागा सांगितल्या होत्या. सगळ्यांनी माना हलवल्या.

जागृतीकडं त्याचंही उत्तर होतं. वहीत जागा उघडी लिहिलेली नसते, कुलपात असते. कुलपाला तीन किल्ल्या. एक तांडेलाची, एक पटेलाची, एक तांडेलाच्या घरच्या बाईची. तीनपैकी दोन लागल्याशिवाय जागा कुणालाच दिसत नाही, तिलाही नाही. आणि बोट रेषेला टेकली तर जागा न दाखवता नुसती शिट्टी वाजते.

“बायकांच्या हातात किल्ली?” मागून कुणीतरी म्हणालं. “मग संध्याकाळी बाजारात जाहीर लिलावच होईल की जागेचा.”

त्यावर जो हशा झाला, त्यात पोरीचं बोलणं वाहून गेलं. पण बसता बसता तिनं एक विचारलं. “काका, पडद्यावर तुमच्या अकरा बोटी अगदी खेटून दिसतात. एवढ्या जवळ जाळी टाकता, ती एकमेकांत गुंतत नाहीत?”

तांडेल एकमेकांकडं बघू लागले. वशराम म्हणाला, “आमच्यात एकी आहे ना, म्हणून.” मग पुन्हा सगळे हसले, जरा जास्तच मोठ्यानं. नव्या डब्या नकोत असं ठरलं. वशराम नको म्हणाला म्हणजे धारबंदर नको म्हणालं.

दिवाळीनंतरच्या फेरीत ही गोष्ट घडली. अकरा बोटी निघाल्या, टोपली भरली, दहा जण वायव्येला गेले. परतीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता मंडळीच्या ऑफिसातून वायरलेस आला. अवेळी वारा उठणार आहे, सगळ्यांनी लवकर फिरा. जागृती एकेका बोटीचं नाव घेत होती आणि तांडेल उत्तर देत होते. जलज्योत काही बोलेना. तिनं तीन वेळा हाक मारली.

मग तिनं वशरामला विचारलं, “काका, लखमणकाका उत्तर देत नाहीत. पडद्यावर तुमच्या शेजारीच आहेत. दिसतायत ना?”

वशरामनं छपरावरच्या टोपलीकडं पाहिलं. तोंडून आपोआप निघालं, जसं इतकी वर्षं निघत होतं. “दिसतोय की. जाळं ओढतोय. त्याचा वायरलेस बिघडलाय.”

“नक्की ना?”

“अगं, इथून हाक मारली तर ऐकू जाईल त्याला.”

तिनं लखमणच्या नावापुढं खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

वशरामच्या मनात पाप नव्हतं. लखमण येईलच, असं त्यानं धरून टाकलं. वायरलेस बंद असेल, बॅटरी उतरली असेल, दुपारी डबी घ्यायला यायचाच आहे. त्यानं चहा केला, बशीत ओतला, प्यायला. त्या चहाची चव त्याला पुढं कित्येक महिने येत होती.

दुपारी अडीचपासून बोटी ठरलेल्या जागी येऊ लागल्या. वारा वाढला होता, पाणी काळं पडलं होतं. एकेक तांडेल येई, घाईनं डबी घेई. नऊ जण आले. टोपलीत दोन डब्या उरल्या, एक त्याची आणि एक लखमणची. वशरामनं लखमणची डबी हातात घेतली. डबीवर एक लाल बटण असतं. जिवावर बेतलं की दाबायचं, आणि बचावाचं जहाज निघतं. ते बटण इतका वेळ त्याच्या टोपलीत पडलेलं होतं. लखमणनं दाबायचं म्हटलं असतं तरी काय दाबणार होता?

साडेतीन झाले. चार झाले. वायव्येला एक काडी दिसेना. बाकीच्या बोटी निघायची घाई करत होत्या. एक जण ओरडून म्हणाला, अजून अर्धा तास थांबून बघू, उगाच बोभाटा नको, सगळ्यांच्या बोटी बांधल्या जातील. वशरामलाही क्षणभर तसंच वाटलं, आणि ही लाज त्यानं पुढं कधी लपवली नाही. मग त्यानं वायरलेस उचलला. वायरलेसवर तांडेल बोलतो ते एकाला नाही, सगळ्या समुद्राला ऐकू जातं.

“धारबंदर, दरियालक्ष्मी बोलतोय. जलज्योत माझ्याजवळ नाही.”

“काका, पडद्यावर तर आहे.”

“डबी आहे. बोट नाही. सगळ्यांच्या डब्या माझ्याकडंच असतात. सकाळी मी खोटं बोललो. लखमण कुठं आहे मला माहीत नाही.”

पलीकडं खरखर झाली. वशरामच्या ध्यानात आलं, की आत्ता चार वाजलेत. ऑफिसात ह्या वेळेला कोण कोण उभं असतं, हे त्याला ठाऊक होतं.

मग त्याच्या बहिणीचा आवाज आला, अगदी शांत. “भाई, मग इथं दिसतोय तो कोण आहे?”

अरे, इतकी वर्षं! इतकी वर्षं ह्या बायका रोज चार वाजता येऊन कुणाला हात जोडत होत्या? वशराम भर वाऱ्यात उभा होता. लाज म्हणजे काय, ती अंगावर कशी येते, हे त्याला त्या दिवशी कळलं.

जागृती मात्र शुद्धीवर होती. रडायचं नंतर बघू, म्हणाली. आज सकाळपासून जलज्योत कुणाला दिसली? कुठं दिसली? ज्यानं पाहिली त्यानं आधी स्वतः कुठं होता ते सांगायचं.

आपली घोळीची जागा, जी बापानं मरताना कानात सांगितलेली, ती भर समुद्राला ओरडून सांगायची होती. शेवटी करसन नावाचा तांडेल बोलला. त्यानं आपली जागा आकड्यासकट सांगितली. म्हणाला, सकाळी सातला जलज्योत माझ्या डाव्या अंगाला दोन मैलांवर होती, फेस नव्हता मागं, उभीच होती. मला वाटलं विचारावं, पण विचारलं तर मी कुठं आहे ते कळेल, म्हणून विचारलं नाही. एवढं बोलून तो रडायलाच लागला. मग नथू बोलला, त्यानं नऊ वाजता लांबून पाहिली होती. मग तिसरा. तिघांच्या जागांवरून जागृतीनं नकाशावर रेघा ओढल्या, वारा कुठला, पाण्याची ओढ कुठली ते धरलं, आणि बचावाच्या जहाजाला तेवढाच तुकडा शोधायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला जलज्योत सापडली. सातही माणसं जिवंत होती. आदल्या दिवशी पहाटे बोटीच्या बुडाखालच्या पंख्यात दोर अडकला होता, इंजिन बसलं होतं. दोर ओढताना लखमणचा उजवा पंजा दोर गुंडाळायच्या चरकीत सापडून चेंगरला होता. पाणी आत येऊन बॅटरी बुडाली आणि वायरलेस मुका झाला. खलाशांनी हात फडक्यानं बांधून ठेवला आणि दिवसभर आकाशाकडं बघत बसले.

डॉक्टर म्हणाले, काल संध्याकाळपर्यंत आणलं असतं तर पंजा वाचवता आला असता. आता कापावा लागेल.

सकाळी नऊ ते दुपारी चार. सात तास. वशराम दवाखान्याच्या बाकावर बसून तेच मोजत होता. एक वाक्य, सात तास, एक पंजा.

लखमण घरी आला त्याच्या तिसऱ्या दिवशी वशराम बहिणीच्या दारी गेला. आत जायचं धाडस होईना, उंबऱ्यावरच बसला. रंभानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. लखमण खाटेवर बसून डाव्या हातानं बशी धरायला शिकत होता, निम्मा चहा सदऱ्यावर सांडत होता.

“आत ये की,” लखमण म्हणाला. “मी काही तुला मारत नाही. मारायला हात पण नाही.”

वशराम उंबऱ्यावरच राहिला. लखमण पुढं म्हणाला, “टोपली तुझी होती, पण डबी मीच सोडून दिली होती. ह्याच हातानं.”

वशरामनं मग तयार करून आणलेलं बोलायला सुरुवात केली. सरकारचे नियम असे, म्हणून आम्हाला सरकारला फसवावं लागलं…

“सरकारला?” रंभा चुलीपासून उठून आली. “भाई, सरकारला फसवलंत ह्याचं मला काही नाही. सरकार चार वाजता पडद्यासमोर उभं राहत नव्हतं. मी राहत होते. तुझा ठिपका शेजारी बघून मी रात्री झोपायचे. तू कुणाला फसवलंस ते आधी नीट बघ.”

एवढंच बोलली आणि पुन्हा चुलीपाशी गेली. वशराम तांब्यातलं पाणी न पिता उठला. ते पाणी प्यायचा आपल्याला हक्क नाही, असं त्याला वाटलं.

त्याच आठवड्यात त्यानं स्वतः डेल्यात बैठक बोलावली, आणि बायकांनाही बोलावलं. आजवर असं झालं नव्हतं. ज्या आवाजाला भोंगा लागत नव्हता, तो आवाज त्या दिवशी पुढच्या रांगेलाही नीट ऐकू येईना. तो म्हणाला, मी नव्या डबीला नको म्हटलं ते जागेच्या भीतीनं नाही, टोपली उघडी पडेल म्हणून. जागृतीची माफी मागितली. पोरगी संकोचली, पण तिनं गुळमुळीत उत्तर दिलं नाही.

“काका, ही डबी माणसाला खरं बोलायला लावत नाही,” ती म्हणाली. “अकरा डब्या एका टोपलीत घातल्या तर लांबचे मनोरे सांगतील की ह्या सगळ्या एकाच जागेवरून बोलतायत, एवढंच. चोरी लगेच दिसेल. पण मनातलं बदलायचं काम तिचं नाही. त्या दिवशी करसनकाका, नथूकाकांनी जे केलं ना, शेजाऱ्यानं शेजाऱ्याची साक्ष द्यायची, तेवढंच ती करते. तुम्ही ते लाजेनं एकदा केलंत. ती रोज करते, वेळेवर करते.”

मागून एक जण पुटपुटला, की मग घोळ कमी मिळणार. वशराम म्हणाला, हो, मिळणार कमी. कमी खाऊ.

नव्या डब्या घ्यायचं ठरलं. मग त्यानं जागृतीला विचारलं, वही सुरू होईल तेव्हा पहिली गाठ कसली असते? ती म्हणाली, काहीही लिहिता येतं, समाजाचं नाव, देवीचं नाव. वशराम म्हणाला, माझं लिही. आणि त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं, त्या दिवशी सकाळी नऊ वाजता वशराम तांडेल खोटं बोलला, आणि लखमणचा हात गेला.

“एकदा बसलं की पुसता येणार नाही काका. मलाही नाही, तुम्हालाही नाही.”

“म्हणून तर म्हणतोय.”

पोरीनं लिहिलं. डेल्यात कुणी हसलं नाही. करसन उठला आणि म्हणाला, खाली माझंही लिही, सातला पाहिलं आणि विचारलं नाही. मग एकेक करत बाकीचे तांडेलही उठले. लखमण डाव्या हातानं खूण करून म्हणाला, माझंही. बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. शेवटी किल्ल्या वाटल्या. रंभानं आपली किल्ली घेतली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. भावाकडं तिनं अजून पाहिलं नव्हतं. ते व्हायला आणखी वेळ लागणार होता, आणि तो लागू द्यायचा असं वशरामनं ठरवलं.

तर बाबांनो, ही गोष्ट समुद्रावरच्यांची आहे म्हणून आपण सुटलो असं समजू नका. ऑफिसात पोचलो म्हणून घरी बसून हजेरी लावणारे आपणच, आणि खाटेवर लोळत ‘वाटेत आहे’ म्हणणारेही आपणच. साहेबाला, सरकारला फसवलं म्हणून मनातल्या मनात टाळी घेतो. कुलूप कितीही भारी आलं, वही कितीही पक्की आली, तरी ‘मी इथं आहे’ हे पहिलं वाक्य माणसालाच बोलायचं असतं. ते खरं बोलावं. कारण ज्याला आपण खोटा पत्ता देतो, वेळ आली की आपल्याला शोधायला तोच निघणार असतो.